बेकारी भत्त्याचा अर्ज आणि हजेरीची नोंद

(पहाडगंज, नवी दिल्ली येथे मराठी भाषक कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



बेकारी विम्यावर बोला, असे संयोजकांनी मला सांगितले आहे. विषय ऐकायला कोरडा आहे. पण मार्च २०२० मधले पहाडगंज तुमच्यापैकी कित्येकांनी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. २२ मार्चला रेल्वेने प्रवासी गाड्या थांबवल्या आणि २४ च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. समोरचे स्टेशन थांबले म्हणजे मेन बाजारातली हॉटेले थांबली. खोल्या आवरणारे, भांडी घासणारे, स्वयंपाकी, गिऱ्हाईक आणणारे असे सगळे एका आठवड्यात रिकामे झाले. कोणी पायी निघाले, कोणी हॉटेलाच्या गच्चीवर राहिले.

यांच्यापैकी अनेकांचा बेकारीसाठी विमा होता. होय, होता! फक्त तो आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

१९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याचा पाया प्रा. आडारकरांच्या १९४४ च्या अहवालाने घातला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. तीत आजारपण होते, बाळंतपण होते, कामावरचा अपघात होता. बेकारी नव्हती. ती आली थेट २००५ साली, आणि तीही मुख्यतः कारखाना बंद पडला किंवा कामगारकपात झाली तर. पुढे १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. काम सुटले तर सरासरी रोजाच्या चौथ्या हिश्श्याइतका भत्ता, जास्तीत जास्त नव्वद दिवस, आणि तोही आयुष्यात एकदाच. टाळेबंदीनंतर हा दर निम्म्यावर नेला गेला आणि नव्वद दिवस थांबण्याऐवजी तीस दिवसांनी अर्ज करता येऊ लागला. मालकाच्या हातून न जाता थेट शाखा कार्यालयात अर्ज देण्याची मुभा मिळाली. निर्णय २४ मार्चपासून लागू धरला, परंतु तो घेतला गेला ऑगस्टमध्ये! तोवर माणसे आपापल्या गावी पोहोचलीही होती. अर्जाबरोबर वीस रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र लागे. ती अट नोव्हेंबरमध्ये निघाली.

आता एक प्रकरण सांगतो. मराठवाड्यातला एक तरुण, इथल्याच एका हॉटेलात तीन वर्षे खोल्या सांभाळत होता. पगार सोळा हजार. विम्याचे पाऊण टक्का, म्हणजे दरमहा १२० रुपये, पगारातून न चुकता कापले जात. सव्वातीन टक्के मालकाने घालायचे, म्हणजे ५२० रुपये. तो गावाहून परत आल्यावर माझ्याकडे आला. आम्ही त्याचा विमा क्रमांक घालून नोंद पाहिली. प्रत्येक महिन्यापुढे बारा दिवस! तीस दिवस राबलेल्या माणसाचे बारा दिवस.

बाराच का, हे नीट समजून घ्या. वर्गणीचे सहामाही कालखंड दोन आहेत : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम सुटण्यापूर्वीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीतही तेवढीच. बारा दिवसांप्रमाणे सहा महिन्यांचे होतात ७२. सहा दिवस कमी पडले आणि अर्ज बाद झाला. मालकाने हे मुद्दाम योजले होते असे मी म्हणत नाही; वर्गणी वाचवण्यासाठी दिवस कमी दाखवण्याची खोड जुनीच आहे.

समजा, पंधरा दिवस दाखवले असते तर? अर्ज बसला असता, पण भत्ता निम्मा झाला असता. कारण मागील चार सहामाहींची एकूण मजुरी घेऊन तिला ७३० ने भागतात. सोळा हजारांची पूर्ण नोंद असती तर रोजचे सरासरी ५२६ रुपये होतात, त्यांचे निम्मे २६३, नव्वद दिवसांचे सुमारे २३,६७०. अर्ध्या नोंदीवर मिळतात ११,८३५. हा फरक कोणत्याही सरकारी धोरणाचा नव्हे, हजेरीपटावरच्या पेनाचा आहे.

आम्ही तक्रार केली. मालकाने वर्गणी चुकवल्यामुळे कामगाराचा लाभ बुडाला, तर महामंडळ तो देऊन मालकाकडून वसूल करू शकते, असे त्या कायद्याचे कलम ६८ सांगत होते. पण त्या दिवसांचा पुरावा? पगाराची पावती नाही, नेमणूकपत्र नाही, हजेरीची नक्कल नाही. पगार रोख हातात. कलम कागदावर राहिले. त्या तरुणाला एक पैसाही मिळाला नाही.

अमेरिकेत १९३५ च्या कायद्याने प्रत्येक राज्याची बेकारी विमा योजना वेगळी. २०२० साली फ्लोरिडात आठवड्याला जास्तीत जास्त २७५ डॉलर, तर मॅसॅच्युसेट्समध्ये आठशेच्या वर. आपल्याकडे योजना केंद्राची, विमा क्रमांक देशभर एकच. मग राज्याराज्यांत फरक नाही? आहे. त्या वेळी दिल्लीत दहा माणसांच्या हॉटेलाला विमा लागू होता. महाराष्ट्रात दुकाने-हॉटेलांसाठी ती मर्यादा अजून वीस होती. पहाडगंजातल्या पंधरा माणसांच्या हॉटेलातला कामगार विमेदार, पुण्यातल्या तेवढ्याच हॉटेलातला उघडा!

आणि विटा-खानापूर, आटपाडीकडचे आपले गलाई बांधव? सोने-चांदी गाळायला ते देशभर पसरले आहेत. भट्टीवर तीन-चार माणसे, मालकही बहुधा गावातलाच, नात्यातला. दहाची मर्यादा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यांच्यासाठी वेगळी मागणी लावून धरावी लागेल. तो स्वतंत्र विषय आहे.

मुंबईच्या गिरण्यांचा अनुभवही हेच सांगतो. १९८६ च्या वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजनेत पहिल्या वर्षी मजुरीच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ अशी मदत होती. मात्र गिरणी कायद्याने बंद झाल्याचा कागद हवा. भोंगा वाजत नसला तरी कागदोपत्री गिरणी चालूच असेल, तर कामगार ताटकळत बसे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्याबद्दल आपल्या हरकती आहेत आणि त्यांवर आपण वेगळे बोलू. पण प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे त्यांनी बंधनकारक केले आहे. ते मागा. एकट्याने मागायला भीती वाटत असेल तर दहा जणांनी मिळून मागा. मंदी आल्यावर नोंद दुरुस्त करून घेणे जवळजवळ अशक्य असते. काम चालू असताना मालकाला आपली गरज असते.

भाषण इथेच थांबवतो. मागे टेबलावर आपले दोन कार्यकर्ते फोन घेऊन बसले आहेत. ज्यांच्याकडे विमा क्रमांक आहे त्यांनी रांगेत यावे, ऑक्टोबरपासूनचे दिवस मोजून वहीत उतरवून घेऊ. ज्यांच्या पगारातून पैसे कापले जातात पण क्रमांक माहीत नाही, त्यांनी आधी यावे.