फाशीला विरोध आहे, पण आत्ता नको: एका पक्षाच्या भूमिकेची गोष्ट

(या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली वाक्यं बहुतेक तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय जरा जड आहे. शिक्षा म्हणून फाशी असावी का, आणि आपले राजकीय पक्ष त्यावर नेमकं काय म्हणतात.

तुम्हीही पाहिलं असेल. एखादा भयंकर गुन्हा घडतो. दुपारपर्यंत हॅशटॅग, संध्याकाळी मेणबत्ती मोर्चा आणि रात्री टीव्हीवर सगळ्या पक्षांचे प्रवक्ते. एरवी पाण्याच्या टँकरवरूनही एकमेकांचे गळे धरणारी ही माणसं त्या रात्री एका सुरात बोलतात: फाशीच झाली पाहिजे. मग मला प्रश्न पडला, वेगळं बोलणारा एखादा पक्ष आपल्याकडे आहे का? आणि असलाच, तर त्याला ते झेपतं का?

पक्ष आहे. झेपतं का, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

आधी बाकीचे कुठे उभे आहेत ते बघू

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतल्या बसमधली घटना घडली. त्यानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समिती नेमली गेली. तिने बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. तरी २०१३ च्या दुरुस्तीत, काँग्रेसप्रणीत सरकार असताना, बलात्कारात पीडितेचा मृत्यू झाल्यास आणि तोच गुन्हा पुन्हा केल्यास फाशीची तरतूद आली. २०१८ मध्ये भाजपप्रणीत सरकारने १२ वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्कारासाठी फाशी आणली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत झुंडबळीसाठीही फाशी होऊ शकते. म्हणजे दिल्लीत सरकार कुणाचंही असो, यादी वाढतच गेली.

राज्यांतही तेच. २०१९ मध्ये आंध्रात दिशा विधेयक आलं. २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या घटनेनंतर पश्चिम बंगालने अपराजिता विधेयक आणलं. एरवी तिथे तृणमूल आणि भाजपमधून विस्तव जात नाही, पण हे विधेयक एकमताने मंजूर झालं.

आणि आपलं महाराष्ट्राचं शक्ती विधेयक! २०२० मध्ये मांडलं, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. सत्तेत शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस आणि विरोधात भाजप, तरी मंजुरी एकमताने. गंमत बघा, त्याच्या महिनाभरच आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने शक्ती मिल प्रकरणातल्या तिघांची फाशी रद्द करून त्यांना मरेपर्यंत जन्मठेप दिली होती. न्यायालय एका दिशेने गेलं, विधिमंडळ दुसऱ्या. शक्ती विधेयकाला पुढे राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, त्यामुळे ते लागू झालंच नाही. पण टाळ्या मिळाल्या त्या मिळाल्याच.

आता तो वेगळा पक्ष

२०१३ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी), म्हणजे माकपने, आपल्या केंद्रीय समितीत ठरवलं की फाशीची शिक्षा रद्द व्हावी अशी पक्षाची भूमिका राहील. वेळ लक्षात घ्या. दिल्लीच्या घटनेला वर्षसुद्धा झालं नव्हतं. फेब्रुवारीत अफजल गुरूला फाशी दिली गेली होती. देशाचा मूड पूर्ण उलटा होता.

माकप एकटाच नाही. भाकपचीही हीच भूमिका आहे. पण माकपचं उदाहरण मी मुद्दाम घेतोय, कारण त्याच्याकडे राज्यं होती. ज्याच्या हातात पोलीस खातं नाही, सरकारी वकील नाहीत, त्याला तत्त्व पाळणं सोपं असतं.

पहिली परीक्षा आली २०१५ मध्ये. याकूब मेमनला ३० जुलैला नागपूर कारागृहात फाशी झाली. त्याआधी फाशी थांबवावी अशी विनंती राष्ट्रपतींना करणाऱ्यांमध्ये माकपचे सरचिटणीस सीताराम येचुरी होते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत अडीचशेच्या आसपास माणसं गेली होती. महाराष्ट्रात ही भूमिका घेऊन मतं मिळत नाहीत, हे सांगायला राजकीय पंडित लागत नाही. तरी त्यांनी घेतली. पुढच्याच महिन्यात माकपची सत्ता असलेल्या त्रिपुराच्या विधानसभेने फाशी रद्द करावी असा ठराव एकमताने केला. आणि ३१ ऑगस्टला न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने २६२ वा अहवाल दिला: दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून फाशी रद्द करा. आयोगाच्या तीन सदस्यांनी त्याला असहमती नोंदवली, हेही सांगायला हवं.

इथपर्यंत पक्षाचं प्रगतिपुस्तक चांगलं आहे. पण खरा पेपर पुढे होता.

केरळ, सप्टेंबर २०१६

फेब्रुवारी २०११. एर्नाकुलमहून शोरनूरला जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत महिलांच्या डब्यात एक २३ वर्षांची मुलगी एकटी होती. तिच्यावर हल्ला झाला, बलात्कार झाला, काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. सगळं केरळ हादरलं. खालच्या न्यायालयाने आरोपीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली.

१५ सप्टेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द केली. बलात्कारासाठीची जन्मठेप कायम ठेवली, पण खुनाचा आरोप सिद्ध होत नाही असं म्हटलं. मुद्दा असा होता की ती गाडीतून पडली, ते आरोपीने ढकलल्यामुळे की तिने स्वतः उडी मारल्यामुळे, हे पुराव्यातून नक्की होत नाही. सुरुवातीला तर बातमी अशी पसरली की त्याला फक्त सात वर्षांची शिक्षा झाली. मोबाईलवर ती कशी फिरली असेल, तुम्ही कल्पना करू शकता.

चार महिन्यांपूर्वीच केरळात माकपच्या नेतृत्वाखालची डावी आघाडी सत्तेत आली होती. मुख्यमंत्री पिनरायी विजयन. राज्य सरकारने काय केलं? पुनर्विचार याचिका दाखल केली. ती ११ नोव्हेंबरला फेटाळली गेली. मग क्युरेटिव्ह याचिका केली. तीही एप्रिल २०१७ मध्ये फेटाळली गेली.

त्या गदारोळात पक्षाचे पॉलिट ब्युरो सदस्य एम. ए. बेबी यांनी फेसबुकवर आठवण करून दिली की पक्ष फाशीच्या विरोधात आहे, आणि ते या माणसालाही लागू होतं. बस! टीकेचा भडिमार झाला. केरळात पक्षाचे सर्वांत लोकप्रिय म्हातारे नेते व्ही. एस. अच्युतानंदन यांनीच जाहीरपणे त्यांच्या विरोधात भूमिका घेतली. म्हणजे केंद्रीय समितीचा ठराव एका बाजूला आणि पक्षाचा सगळ्यात लाडका चेहरा दुसऱ्या बाजूला.

मग पक्ष ढोंगी आहे का?

मला इतक्या झटपट निकाल द्यायचा नाही. सरकारची बाजू आधी ऐकू. ते म्हणतील, फाशी कायद्यात आहे तोवर राज्य सरकारला कायद्यानुसारच चालावं लागेल. पक्षाचं मत संसदेत मांडायचं, न्यायालयात राज्याने जनतेची बाजू मांडायची. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही.

पण एक फट आहे, आणि तिथेच सगळं प्रकरण आहे. पुनर्विचार याचिकेतला कायद्याचा मूळ प्रश्न होता: खून सिद्ध होतो की नाही? सरकारला म्हणता आलं असतं की हा खूनच आहे, तो दोष पुन्हा कायम करा. त्याच वेळी जाहीर सांगता आलं असतं की शिक्षा म्हणून आम्ही फाशी मागत नाही, मरेपर्यंत जन्मठेप मागतो. खुनाच्या कलमात तेव्हाही दोन शिक्षा होत्या, फाशी आणि जन्मठेप. कायदा न मोडता पक्षाची भूमिका पाळता आली असती. ती वाट सरकारने घेतली नाही.

का? मला वाटतं, २०१३ ते २०१६ या तीन वर्षांत ती भूमिका ठरावाच्या कागदाबाहेर पडलीच नव्हती. शाखेच्या बैठकीत, कॉलेजात, महिलांच्या मेळाव्यात कुणी ती समजावलीच नव्हती. मग ऐन वणव्यात एका नेत्याने फेसबुकवर ती लिहिली तर लोकांना धक्का बसणारच. आग लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी कुठून मिळणार?

आणि हे एकदाच झालं असंही नाही. २०२३ मध्ये आलुवात एका पाच वर्षांच्या मुलीच्या खुनाचा खटला चालला. त्याच आघाडीचं राज्य होतं, आणि सरकारी वकिलांनी फाशीच मागितली. ती मिळालीही.

माकपवर आणखी एक टीका होते, आणि ती रास्त आहे. ज्या चीनच्या कम्युनिस्ट पक्षाशी यांचे जवळचे संबंध आहेत, तिथे जगात सर्वाधिक फाशी दिल्या जातात असं मानलं जातं. नक्की आकडा तिथे सरकारी गुपित आहे. त्यावर मात्र यांचा आवाज फारसा चढत नाही.

तरीही ही भूमिका मला महत्त्वाची का वाटते

महाराष्ट्रातलंच एक प्रकरण सांगतो. २००३ मधला बलात्कार आणि खुनांचा गुन्हा, अतिशय क्रूर. सहा जण पकडले गेले, सगळे भटक्या जमातीचे, गरीब मजूर. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट त्या तिघांनाही फाशी दिली. आता सहाही जण फाशीच्या रांगेत. पुढे कळलं की त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली.

सोळा वर्षं! तीन पातळ्यांवर तपासून झालेली चूक. मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, आमच्याकडे टेस्टिंगच्या तीन पायऱ्या ओलांडूनही बग लाइव्ह जातो. पण आम्ही आदल्या व्हर्जनवर परत जाऊ शकतो. या सहा जणांपैकी एकाचीही फाशी २०१२ मध्ये झाली असती, तर २०१९ चा निकाल कुणाला वाचून दाखवायचा होता?

आणि ही रांग कुणाची असते? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जवळपास तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. चांगला वकील पहिल्या दिवसापासून ज्याला परवडतो, तो या रांगेत क्वचितच दिसतो.

तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं: त्या मुलीच्या आईला काय सांगणार? केरळच्या त्या प्रकरणात आईनेही स्वतंत्र पुनर्विचार याचिका केली होती. तिला फाशी हवी होती यात मला काहीही चूक दिसत नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच मागितलं असतं. पण शिक्षा ठरवायचं काम आपण आईकडे दिलेलं नाही, न्यायालयाकडे दिलंय, ते यासाठीच. त्या आईचे खरे प्रश्न वेगळेही होते. रात्रीच्या गाडीत महिलांच्या डब्यात पोलीस का नव्हता? साखळी कुणी का ओढली नाही? फाशीच्या घोषणेत हे प्रश्न बुडून जातात, आणि ते बुडाले की सगळ्यात जास्त हायसं वाटतं ते सरकारलाच.

उलट चित्रही बघा. केरळची एक नर्स येमेनमध्ये खुनाच्या गुन्ह्यात फाशीच्या शिक्षेखाली आहे. १६ जुलै २०२५ ही तारीख ठरली होती, ती ऐनवेळी पुढे ढकलली गेली. तिला वाचवायला केरळातले सगळे पक्ष एकत्र आले. आपलं माणूस असलं की फाशी किती शेवटची गोष्ट आहे, हे सगळ्यांना बरोबर कळतं.

एम. ए. बेबी आठवतात ना? फेसबुकवर ती नकोशी पोस्ट लिहिणारे? एप्रिल २०२५ मध्ये तेच माकपचे सरचिटणीस झाले. आता प्रश्न त्यांनाच विचारायचा: तेव्हा तुम्ही एकटे पडलात, आता पक्ष तुमच्या हातात आहे. पुढच्या खटल्यात तुमचा पक्ष काय करणार?

आपण काय करायचं?

तुमच्याकडे मतं मागायला कुणीही आला, कुठल्याही पक्षाचा, तर तीन प्रश्न विचारा. एक, फाशीवर पक्षाची लेखी भूमिका काय? दोन, सत्तेत असताना तुमच्या सरकारी वकिलांनी न्यायालयात काय मागितलं? आणि तीन, गुन्हेगार आपल्या जातीचा, धर्माचा, गावचा असला तरी उत्तर तेच राहील का? तुम्ही फाशीच्या बाजूने असाल तरी हे प्रश्न विचारा. तुमच्याशी तरी कोण खरं बोलतंय, ते कळेल.

तुमचं मत कमेंटमध्ये लिहा, माझ्याविरुद्ध असेल तर आधी लिहा. शिव्या नकोत, मुद्दे हवेत. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!