मेंटेनन्स न भरणारे दोन शेजारी
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण)



पाणी, वर्गणी, पार्किंग यावर आधीची मंडळी बोललीच. मी दोन शेजाऱ्यांविषयी बोलणार आहे. पंचवीस वर्षं इथं राहतात, पण मेंटेनन्स एकदाही भरला नाही!

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा झाला. त्याच सुमारास आपण इथं राहायला आलो. कंपाउंडच्या मागं तेव्हा नुसता माळ होता. दिवस मावळला की तिकडून आवाज यायचा, चक्... चक्... चक्-चक्-चर्रर्र. शहाबादी फरशीवर गोटी पडावी आणि उसळत उसळत थांबावी, अगदी तसा. आई म्हणायची, "रातवा बोलतोय."

मला वाटायचं, रातवा एकच. पुढं कळलं की आपल्याकडं दोन आहेत. गोटीचा आवाज करतो तो भारतीय रातवा. दुसरा फ्रँकलिनचा रातवा. तो उडता उडता 'च्वीप, च्वीप' असा चाबूक मारल्यासारखा ओरडतो. दिसायला दोघंही वाळल्या पाल्यासारखे. पायाजवळ बसला तरी दिसत नाही. पहिल्याच्या मानेमागं बदामी पट्टा असतो, शेपटीच्या कडेला पांढरे ठिपके, नर-मादी दोघांनाही. दुसऱ्याच्या नराची शेपटीची बाहेरची पिसं जवळजवळ पूर्ण पांढरी, मादीला ती नसतात. पण खरं सांगू का, डोळ्यांपेक्षा कानांनी ओळखणं सोपं.

दोघांचं जेवण एकच, पतंग, भुंगेरे, नाकतोडे. चोच एवढीशी, पण जबडा केवढा! उडता उडताच किडे गिळतात. पूर्वी युरोपात लोक म्हणायचे की हा रात्री शेळ्यांचं दूध पितो. त्याच्या शास्त्रीय नावाचा, कॅप्रिमल्गसचा, अर्थही तोच. बिचारा पीत काहीच नाही, गुरांभोवतीचे किडे खातो. आपल्या सोयाबीनवरची अळी पतंगाच्याच अंड्यांतून येते, म्हणजे पतंग खाणारा आपलाच माणूस.

फरक आहे तो जागेत. भारतीय रातव्याला झुडपं, बांध, बागेची कड चालते. म्हणून तो अजून आपल्या मेंदीच्या कुंपणापलीकडं बोलतो. फ्रँकलिनच्या रातव्याला उघडा, खडकाळ माळ लागतो. घरटं दोघंही बांधत नाहीत, दोन अंडी थेट जमिनीवर.

आता एक कबुली. एका मे महिन्यात मी कमिटीत होतो. मागचा मुरुमाचा पट्टा सपाट करायला जेसीबी मीच बोलावला. पुढ्यातून एक पक्षी उडाला, शेपटीत पांढरं काही नव्हतं. ड्रायव्हरनं मशीन थांबवली, पण तोवर दोन अंड्यांतलं एक फुटलं होतं. दुसरं आम्ही तसंच ठेवलं. ती मादी परत आली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या सभेत त्याच पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक टाकायचा विषय आहे. कुणी म्हणेल, तैवानमध्ये हाच पक्षी शहरातल्या गच्च्यांवर अंडी घालतो, इथंही जाईल गच्चीवर. तिथं घालतो, खरंय. पण आपल्या गच्चीवर मला तो इतक्या वर्षांत एकदाही दिसला नाही. त्या भरवशावर राहू नका.

माझी विनंती एवढीच. अर्धा पट्टा मुरुमाचाच राहू द्या, आणि काम करायचंच तर दिवाळीनंतर करा. उन्हाळा-पावसाळ्यात तिथं अंडी-पिल्लं असतात. रात्री माळाच्या रस्त्यानं गाडी हळू चालवा. हे पक्षी रस्त्यावर बसतात, लाइटमध्ये त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. निखारा दिसला की ब्रेक लावा.

आणि मुलांनो, आज जेवणं झाली की मोबाइल ठेवून पाच मिनिटं मागच्या गेटला या. गोटी ऐकू येते का चाबूक, ते मला सांगा.