रायफल अपग्रेड करायची? आधी मोजा!

आजचा विषय जरा हटके. कोलोरॅडोमध्ये माझा एक टीममेट आहे, दरवर्षी एल्कच्या शिकारीला जाणारा. रायफल त्याची, गोळ्याही तोच झाडतो. मी नुसता मागे वही घेऊन. इथे व्हिसावर असताना बंदूक हाताळायला कायद्याची बंधनं आहेत, त्यामुळे ट्रिगरला मी बोटही लावलं नाही.

त्या आधीच्या सीझनला त्याने लांबून मारलेला एल्क जखमी होऊन पळाला. अंधार पडेपर्यंत शोधला, सापडला नाही. ते त्याला फार लागलं होतं. मग यादी तयार: नवं बॅरल, नवा स्कोप, नवा स्टॉक. मी म्हटलं, "थांब. बग कुठे आहे ते न बघता कोड बदलतोस का?"

दुकानातून आणलेली .३०८ विंचेस्टर रायफल. १०० यार्डांवर पाच गोळ्या, ग्रुप अडीच इंच. मग बायपॉडवर जोर दिला आणि बॅरल-स्टॉकच्या फटीतून कागदाची पट्टी सरकवली. अडकली! प्लॅस्टिकचा स्टॉक वाकून बॅरलला टेकत होता. बॅरल मोकळं राहायला हवं, नाहीतर प्रत्येक गोळीला दाब वेगळा.

एका वेळी एकच बदल, हा नियम. आधी ताठ स्टॉक, स्क्रू टॉर्क रेंचने आवळलेले. ग्रुप सव्वा इंच. मग जड ट्रिगर गनस्मिथकडून हलका करून घेतला. मग चार प्रकारची काडतुसं करून बघितली. शिकारी बॅरल बारीक असतं, पटकन तापतं, म्हणून मध्ये थंड होऊ द्यायचं. ग्रुप एक इंचाच्या आसपास आला. बॅरल बदलायची गरजच पडली नाही!

यात नवल नाही. अमेरिकन आर्मीची १९८८ ची एम२४ स्नायपर रायफलसुद्धा रेमिंग्टन ७०० या शिकारी रायफलच्याच ॲक्शनवर बनली.

आता खरी गंमत. १०० यार्डांवर झीरो केलेली .३०८ ची गोळी ५०० यार्डांवर दीड मीटरभर खाली येते. ते गणित पक्कं असतं, क्लिक मोजून स्कोप फिरवायचा की झालं. पण ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला अर्धा मीटर बाजूला नेतो, आणि वारा कुठल्याही टरेटवर लिहिलेला नसतो.

म्हणून आम्ही दहा दिवस फक्त पहिली, थंड बॅरलची गोळी नोंदवली. आठ इंची प्लेट. ३०० यार्डांवर दहापैकी दहा. ५०० वर सहा.

तो वहीकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे दहातले चार जखमी."

नोव्हेंबरमध्ये मोठा नर एल्क दिसला. रेंजफाइंडरवर ४५० यार्ड. जवळ जायला आडोसा नव्हता. त्याने सेफ्टी काढलीच नाही. रिकाम्या हाताने परतलो, पण गाडीत तो शिट्टी वाजवत होता.

मंडळी, अपग्रेड नक्की करा. पण आपली मर्यादा किती, हे आधी मोजा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!