सप्तर्षी नावाची रातगाडी



उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला सप्तर्षी वेगळे दाखवावे लागत नाहीत. खेड्यांतली जुनी माणसं त्यातल्या चार ताऱ्यांना बाज म्हणतात, आणि मागच्या तिघांना चोर. जपानी माणसाला तिथे पळी दिसते. 'होकुतो' म्हणजे उत्तरेची पळी आणि 'सेई' म्हणजे तारा. तोक्योच्या उएनो स्थानकातून होक्काइदो बेटावरच्या साप्पोरोला जाणाऱ्या रातगाडीचं नाव होतं 'होकुतोसेई'. निजायच्या गाडीला बाजेचं नाव! हा योग आपल्या भाषेत जुळतो, म्हणून तो आधी सांगून टाकला.

या गाडीची गोष्ट सुरू होते ती समुद्रापासून. होन्शू हे मुख्य बेट आणि होक्काइदो यांच्यामध्ये त्सुगारूची सामुद्रधुनी आहे. १९०८ पासून रेल्वेची बोट आओमोरी ते हाकोदाते अशी ये-जा करी. उत्तरेला जाणारा प्रवासी आओमोरीला गाडीतून उतरायचा, सामान उचलून धक्क्यावर यायचा, पावणेचार तासांहून जास्त वेळ बोटीत काढायचा आणि पलीकडे पुन्हा गाडी धरायचा. २६ सप्टेंबर १९५४ च्या वादळात 'तोया मारू' ही बोट हाकोदातेजवळ उलटली. त्या एका बोटीवर १,१५५ माणसं गेली. समुद्राखालून बोगदा काढण्याचा विचार त्याआधीपासून होता, पण त्या रात्रीनंतर तो टाळता येईना.

१९६४ मध्ये खोदाई सुरू झाली. सेइकान बोगदा ५३.८५ किलोमीटर लांब आहे आणि त्यातले सुमारे २३ किलोमीटर थेट समुद्राखाली आहेत. सर्वांत खोल जागी रूळ समुद्रतळाच्याही शंभर मीटर खाली जातात. पाणी फुटून बोगदा भरण्याचे प्रसंग आले. बोगद्याच्या कामात चौतीस कामगारांनी प्राण गमावले. चोवीस वर्षांनी, १३ मार्च १९८८ ला, बोगद्यातून गाड्या धावू लागल्या. त्याच दिवशी बोटसेवा थांबली आणि त्याच दिवशी होकुतोसेई सुरू झाली. तोक्योत अंथरुणावर पडलेला माणूस आता न उतरता होक्काइदोत जागा होणार होता.

जपानला रातगाड्या नवीन नव्हत्या. १९५८ मध्ये तोक्यो–हाकाता मार्गावरच्या 'आसाकाझे'ला निळे वातानुकूलित डबे लागले, तेव्हापासून 'ब्लू ट्रेन' हा शब्द तिथे रूढ झाला. मात्र १९७५ मध्ये शिंकान्सेन ही अतिवेगवान गाडी हाकातापर्यंत गेली आणि दक्षिणेकडच्या रातगाड्या एकेक करून आटत गेल्या. उत्तरेला उलटं घडत होतं. ओहोटीच्या काळात जन्मलेल्या होकुतोसेईच्या आलिशान खोल्यांची तिकिटं महिनाभर आधी, सकाळी दहाला विक्री सुरू होताच संपायची.

आता माझ्याबरोबर उएनोच्या तेरा नंबरच्या फलाटावर चला. पन्नास-साठच्या दशकांत उत्तरेच्या खेड्यांतली शाळा संपवलेली मुलं नोकरीसाठी गाड्या भरभरून याच स्थानकात उतरली. तेरा नंबरचा रूळ पुढे जात नाही, तिथेच संपतो. म्हणून रिकामी गाडी यार्डातून उलटी ढकलत आणायची. इंजिन मागे, आणि पुढच्या टोकाच्या डब्यात एक रेल्वेमाणूस उभा. त्याची नजर रुळावर आणि हात ब्रेकवर. एवढी लांब गाडी माणसाच्या चालीने येते आणि टोकाला अलगद थांबते. शेवटच्या वर्षांत ती संध्याकाळी सात वाजून तीन मिनिटांनी सुटायची आणि दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला साप्पोरोला पोचायची.

बाहेरून पाहिलं तर एक डबा खांदे पाडून बसल्यासारखा दिसे. तो भोजनाचा डबा, 'ग्रां शारिओ'. फ्रेंचमध्ये हेही सप्तर्षींचंच नाव. दिवसा धावणाऱ्या जुन्या विद्युत गाड्यांतून तो काढून घेतला होता, म्हणून त्याचं छत शेजारच्या डब्यांहून ठेंगणं. आत टेबलाटेबलावर छोटे दिवे. आधी नोंदवलेलं फ्रेंच जेवण आटोपलं की तो डबा सगळ्यांना खुला व्हायचा. न्हाणीसाठी कार्ड मिळे. गरम पाणी एकूण सहा मिनिटं, किती उरलं ते आकड्यात दिसायचं, आणि साबण लावताना नळ बंद केला तर घड्याळही थांबायचं.

पहाटेपूर्वी गाडी आओमोरीला थांबे, पण दारं उघडत नसत. दक्षिणेकडचं इंजिन सुटायचं आणि दुसऱ्या टोकाला बोगद्यातून नेणारं लाल इंजिन जोडलं जायचं. जागा असलेल्याला एक हलका धक्का जाणवे, आणि मग गाडी उलट्या दिशेने निघे. हाकोदातेला पुन्हा तेच, फक्त आता दोन निळी डिझेल इंजिनं एकापुढे एक, कारण पुढचा सगळा मार्ग विजेचा नाही. एका रात्रीत तीन प्रकारची इंजिनं आणि किती हातांचं काम! मला या गाडीचं खरं वैभव या अंधारातल्या जोडणीत दिसतं. रेशमी पडदे असलेल्या खोल्या त्यानंतर.

मग ती बंद का पडली? डबे जुने झाले होते, हे खरं आहे. विमान दीड तासात पोचवतं, हेही खरं. १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे झाले, आणि शिंकान्सेन उत्तरेकडे सरकली तसा समांतर जुना मार्ग स्थानिक कंपन्यांकडे गेला. त्यातली एक होती इवाते गिंगा रेल्वे, म्हणजे आकाशगंगेची रेल्वे. सप्तर्षी आकाशगंगेतून जात होते, पण प्रत्येक हद्दीचं भाडं तिकिटात वेगळं मिळवावं लागे. या छोट्या कंपन्यांना मात्र त्या भाड्याचा मोठा आधार होता.

शेवटचा घाव बोगद्यानेच घातला. तो पहिल्यापासून शिंकान्सेनच्या मापाने खणलेला होता. शिंकान्सेनचा रूळ १,४३५ मिलिमीटरचा, जुन्या गाड्यांचा १,०६७, म्हणून आत तिसरा रूळ टाकला. विजेचा दाब वीस हजार व्होल्टवरून पंचवीस हजारांवर जाणार होता आणि ते लाल इंजिन त्यावर चालत नव्हतं. नवी इंजिनं बनली ती फक्त मालगाड्यांसाठी. शिवाय शिंकान्सेनच्या चाचण्या रात्रीच व्हायच्या होत्या, आणि रात्र तर होकुतोसेईची. मार्च २०१५ मध्ये ती रोजच्या वेळापत्रकातून गेली. २२ ऑगस्टला साप्पोरोहून शेवटची सुटली आणि २३ ला सकाळी गर्दीने फुललेल्या तेरा नंबरवर येऊन थांबली. तिच्याबरोबर जपानमधल्या ब्लू ट्रेन संपल्या.

मार्च २०१६ मध्ये शिंकान्सेन बोगद्यातून पलीकडे गेली, पण साप्पोरोपर्यंत नाही. ती हाकोदातेजवळच थांबते. म्हणजे होकुतोसेईने सत्तावीस वर्षं जे दिलं होतं, तोक्योत बसून साप्पोरोला उतरणं, ते आज कोणत्याच गाडीने होत नाही. विमानतळापर्यंत जाऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा हिशेब यात कुणीच धरला नाही, आणि मला ते मनापासून खटकतं.

शिंकान्सेन जिथे थांबते त्या गावाचं नावही होकुतो. त्याच गावातल्या मोहेजी भागात, बंद पडलेल्या शाळेच्या आवारात, लोकांनी वर्गणी काढून होकुतोसेईचे दोन निळे डबे आणून ठेवले आहेत. गाडी ज्या मार्गाने जायची तो मार्ग तिथून जवळच आहे. लोक त्या डब्यांत मुक्कामाला येतात.