सरपणासाठी यांत्रिक करवत

पेडणे-डिचोलीच्या काजूबागांत मार्चच्या सुमारास फेणीच्या भट्ट्या पेटू लागल्या, की सरपणाची निकड भासते. जुनी यांत्रिक करवत बदलू पाहणाऱ्या बागाइतदाराने प्रथम इंजिनाची शक्ती नव्हे, तर ओंडक्याची जाडी पाहावी. काजूच्या फांद्यांना 14 ते 16 इंची पाते व सुमारे 40 सीसीचे इंजिन पुरेसे होते. अधिक वजनाने हात लवकर थकतो, आणि थकलेला हातच चुकतो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला भिडला, तर करवत एकाएकी चालकाकडे उसळते. अशा वेळी साखळी तत्क्षणी थांबविणारा ब्रेक ज्या यंत्रास नाही, ते स्वस्तात मिळाले तरी महागच होय. उभ्या झाडास हात लावण्यापूर्वी मात्र 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी.