टीव्ही घेण्याआधी: आधी खोली मोजा, मग खोकं वाचा

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या बैठकीतील भाषण)



रौप्यमहोत्सवी निधीतून आपल्या हॉलसाठी टीव्ही घ्यायचं ठरलं आहे. कोटेशनं तपासायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं, कारण बँकेत मी जन्मभर तेच केलं. समोर एच.ए.एल.मधून निवृत्त झालेली मंडळी बसली आहेत. १९६४ साली ओझरला कारखाना आला, तिथे मिग आणि पुढे सुखोई उभी करणाऱ्यांना मी तंत्रज्ञान सांगायचं म्हणजे काशीत जाऊन गंगेचं माहात्म्य सांगण्यासारखं आहे. पण स्पेसिफिकेशन कोळून प्यायलेला माणूसही शोरूममध्ये शिरला की सेल्समन दाखवेल तिकडेच बघतो, हे मी पाहिलं आहे.

पूर्वी निवड सोपी होती. लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट सेट, गच्चीवर अँटेना आणि पोस्टात भरायची लायसन्स फी. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी रंग आला. आता खोक्यावर डझनभर इंग्रजी अक्षरं असतात. त्यातली कामाची तेवढी सांगतो.

पहिलं माप. इंच हे पडद्याच्या कर्णाचे असतात. सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर इंचात मोजा आणि निम्मं करा. घरात ८ फूट, म्हणजे ९६ इंच अंतर असेल तर ४८ येतात. ४३ ते ५५ इंची सेट पुरे. आपल्या हॉलमध्ये शेवटची खुर्ची १४ फुटांवर आहे, म्हणून तिथे किमान ६५ इंची हवा.

दुसरं, फोर-के. फुल एच.डी. पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, फोर-केवर सुमारे ८३ लाख. पण साध्या केबलच्या चित्रात जेमतेम ४ लाखच येतात. बाकीचे टीव्ही अंदाजाने भरतो. म्हणून शोरूममधली फुलांची, धबधब्यांची फिल्म बघून भुलू नका. रोजचं मराठी चॅनेल लावायला सांगा, आणि चित्राचा ‘व्हिविड’ मोड बदलून ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ करायला सांगा. खरा चेहरा तेव्हा दिसतो.

तिसरं, पडदा. एल.ई.डी. आणि क्यू.एल.ई.डी. दोन्ही मुळात एल.सी.डी.च, मागून दिवे लावलेले. क्यू.एल.ई.डी.मध्ये रंग जास्त खुलतात इतकंच. ओ.एल.ई.डी.त मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण तो महाग, आणि दिवसभर बातम्यांची तीच पट्टी आणि तोच लोगो राहिला तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो. आपल्या हॉलमध्ये सकाळपासून बातम्याच चालणार, खिडक्यांतून दुपारचं ऊनही येतं. तेव्हा ओ.एल.ई.डी. नको, जास्त उजेडाचा साधा पडदा बरा. आणि बाजूच्या खुर्च्यांवर बसून पाहा. काही पडदे समोरून झकास दिसतात आणि कडेने फिके पडतात.

चौथं, आवाज. हा मुद्दा कोणी विचारत नाही. पातळ सेटचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. आपल्यापैकी निम्म्यांना कमी ऐकू येतं. आवाज वाढवला की वरच्या मजल्यावरून तक्रार येते. त्यामुळे ऐकू न येणारा माणूस काही न बोलता उठून घरी जातो. हॉलमध्ये टीव्ही घ्यायचा तो एकट्या राहणाऱ्या सभासदांना चार माणसांत बसता यावं म्हणून. तोच हेतू बुडाला तर पैसे वाया गेले. म्हणून दहा इंच कमी चाललील, पण चांगला साउंडबार बजेटमध्ये हवाच. त्यासाठी टीव्हीला ‘ए.आर.सी.’ लिहिलेलं एच.डी.एम.आय. भोक आहे ना, ते बघा.

आता माझ्या धंद्याचं. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. उदाहरण घ्या: सेट ६०,००० चा, रोखीने ५७,०००, किंवा ‘नो कॉस्ट’ हप्ते १०,००० चे सहा. ते ३,००० म्हणजेच व्याज, आणि हिशेब केला तर दर वर्षाला सुमारे १८ टक्के पडतो! प्रोसेसिंग फी वेगळी. त्यामुळे आधी रोखीचा भाव विचारा, मग हप्ता. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या सेटचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीवरची ‘भरघोस सूट’ तपासून घ्या.

वॉरंटीत पडदा धरलाय का, दुरुस्तीला माणूस नाशिकहून ओझरला येतो का आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, हे बिल करण्याआधी लेखी घ्या. वळवाच्या पावसात वीज कडाडली की प्लग काढायचा, ही जबाबदारी कोणा एकाच्या नावावर लिहून ठेवा.

तीन कोटेशनं आली आहेत. कमिटीला माझी विनंती एवढीच की खरेदीला जाताना आपल्यातले दोन सभासद बरोबर न्यावेत: एक कमी ऐकू येणारा, एक कमी दिसणारा. त्या दोघांना जो सेट पसंत पडेल, तोच हॉलमध्ये लागावा.