उत्तरेकडील बर्फ आणि आपलीं घरें



आपलें मंदिर इतकीं वर्षें एकाच जागीं उभें आहे, म्हणून आज आपण देवाचे उपकार मानतों. अशा दिवशीं आम्हांस अलास्कांतील शिश्मारेफ गांवाची आठवण होते. चुक्ची समुद्रांतील एका चिंचोळ्या बेटावर सुमारें ६०० लोकांची ही वस्ती. पूर्वीं शरद ऋतूंतच किनाऱ्यालगतचा समुद्र गोठे व तुफानी लाटा बाहेरच अडत. आतां बर्फ उशिरां धरतें. पायाखालची गोठलेली माती वितळते आणि लाटा जमीन तोडून नेतात. गांव सोडावें, असा कौल लोकांनीं २००२ सालीं व पुन्हां २०१६ सालीं दिला. स्थलांतर मात्र द्रव्याभावीं अडलें आहे.

कारण गूढ नाहीं. कोळसा व तेल जाळल्यानें पृथ्वी तापते. पांढरें बर्फ सूर्यप्रकाश परतवितें. तें गेलें कीं काळें पाणी ऊन पिऊन घेतें. म्हणून १९७९ पासून उत्तर ध्रुवाकडील प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानें तापला.

अनावश्यक दिवे मालवावे, लागेल तेवढेंच शिजवावें, असें पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रांत सुचविलें. प्रथम आम्हांस हसूं आलें, हें कबूल करतों. एका दिव्यानें शिश्मारेफचा किनारा सांवरेल, असें आम्ही आजही म्हणत नाहीं. परंतु गेल्या सणास भाताचीं दोन पातेलीं उकिरड्यावर गेलीं, आणि आमच्याच निवासांत रात्रभर दिवे जळत होते. तो धूर आमचा.

आजचें भोजन मोजून शिजविलें आहे. भात कमी पडल्यास दोष आम्हांस द्यावा, आचाऱ्यास नव्हे.